कांदा चाळीला घरचा बांबू: कधी तोडायचा, किती लागतो आणि कुठे वापरायचा नाही

माढा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न असा आहे: बांधावर मानवेल बांबूची चाळीस बेटं आहेत, आठ-नऊ वर्षांची. उन्हाळी कांद्यासाठी चाळ बांधायची आहे, पण लोखंडाचा खर्च ऐकून पाय मागे येतो. घरचाच बांबू वापरावा म्हटलं तर शेजारी सांगतात, दोन वर्षांत भुंगा लागून पीठ होईल. मग खरं काय? पाऊस ओसरला की लगेच तोडायला घ्यावा का? परवानगी काढावी लागते का? आणि चाळ होऊन उरलेला बांबू कशाला लावावा?

शेजारी खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेला बांबू दोन वर्षांतच गेला असणार. पण "बांबू किती टिकतो" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण एकाच बेटातली काठी कुठे वापरली यावर तिचं आयुष्य ठरतं. कच्ची, प्रक्रिया न केलेली काठी मातीत गाडली तर एक ते तीन वर्षं. तीच काठी छपराखाली, जमिनीपासून वर ठेवली तर चार ते सहा. वेळेवर तोडून, टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरच्या पाण्यात मुरवून, सावलीत वाळवून छपराखाली बांधली तर दहा-पंधरा वर्षं सहज धरायला हरकत नाही. तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा: चाळीच्या कोणत्या भागाला बांबू द्यायचा, कोणत्या भागाला अजिबात द्यायचा नाही, आणि तोडीपासून बांधणीपर्यंतचे चार महिने कसे काढायचे.

काही गोष्टी तुमच्या रानावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. मानवेल कमी पावसाच्या मुलखात जास्त भरीव निघतो, ओलिताखाली तो जाड पण पोकळ होतो. तुमची बेटं कॅनॉलच्या पाझराला आहेत की कोरड्या बांधावर, यावर मुरवायची पद्धत बदलते. जमीन काळी आहे की मुरमाड, यावर पाया बदलतो. आणि अनुदान घ्यायचं असेल तर कृषी कार्यालयातून मंजूर आराखडा आधी हातात घ्या. त्यात सांगाडा लोखंडाचा लिहिला असेल आणि तुम्ही बांबूचा उभा केलात, तर अनुदानाच्या नावानं पाणी सोडावं लागेल. खाली मी एकपाखी, म्हणजे कप्प्यांची एकच ओळ असलेली चाळ धरून हिशोब मांडतो: लांबी ४० फूट, कप्प्याची रुंदी ४ फूट, कांद्याच्या ढिगाची उंची ५ फूट. यात साधारण साडेबारा टन कांदा बसतो.

आता तोडीचं. पावसाळा संपता संपता कोयता घेऊन बेटात शिरू नका. बांबूला भुंगा लागतो तो लाकडासाठी नाही, आतल्या पिठुळ साखरेसाठी, म्हणजे स्टार्चसाठी. पावसाळ्यात बेट नवे कोंब काढतं आणि साठवलेला स्टार्च त्या कोंबांना उंच करण्यात खर्ची घालतं. कोंबांची वाढ थांबली, थंडी सुरू झाली की जुन्या काठ्यांमध्ये स्टार्च सगळ्यात कमी उरलेला असतो, आणि भुंग्याची धावपळही मंदावलेली असते. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्येही काठ्या पाण्यानं टम्म असतात. दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तोड सगळ्यात चांगली. जानेवारीपर्यंत चालतं. फेब्रुवारीनंतर बेट पुढच्या कोंबांसाठी पुन्हा साठा करायला लागतं आणि मार्च-एप्रिलमध्ये तोडलेला बांबू भुंग्याला आयतं जेवण होतो. शेजाऱ्यांचा बांबू बहुतेक याच दिवसांत तुटलेला असणार, कारण शेतकऱ्याला मोकळा वेळ मिळतो तो उन्हाळ्यातच.

अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात. पाळलीत तर नुकसान काही नाही. पण वैशाखातल्या अमावास्येपेक्षा मार्गशीर्षातली पौर्णिमा कधीही बरी. तिथीपेक्षा महिना महत्त्वाचा.

महिन्याइतकंच काठीचं वय महत्त्वाचं. बांबू हे गवत आहे. कोंब जमिनीतून जेवढा जाड वर येतो तेवढीच काठीची जाडी कायम राहते, आणि पहिल्या काही महिन्यांत ती पूर्ण उंचीही गाठते. त्यामुळे पहिल्या वर्षाची काठी दिसायला पूर्ण दिसते, हिरवीगार, सरळ, देखणी. माणूस फसतो तो इथेच. ती आतून अजून कोवळी असते, वाळली की सुरकुतते, पिळवटते आणि भुंगा आधी तिलाच धरतो. काठी पक्की व्हायला तीन पावसाळे जावे लागतात. ओळख अशी: पहिल्या वर्षाच्या काठीच्या गाठींवर वाळलेली खोळ चिकटलेली असते आणि सालीवर पांढरी भुकटी असते, बोटानं पुसली जाते. दुसऱ्या वर्षी खोळ गळते, साल गर्द हिरवी आणि स्वच्छ. तिसऱ्या-चौथ्या वर्षी साल मळकट, पिवळट होते, तिच्यावर राखाडी ठिपके धरतात. कोयत्याच्या पाठीनं ठोकलं तर कोवळी काठी बद्द वाजते, पक्की टणटण वाजते.

पक्क्या काठ्या बेटाच्या मधोमध असतात आणि नव्या कडेला, कारण कंद बाहेरच्या बाजूनं सरकत जातो. आळसानं कडेच्या काठ्या तोडल्या की दुहेरी नुकसान: कोवळा माल हाती येतो आणि बेटाची पुढची वाढ खुंटते. म्हणून एका बाजूनं घोड्याच्या नालासारखी वाट पाडून आत शिरा आणि मधल्या जुन्या काठ्या काढा. जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या थोडं वर, साधारण वीतभर उंचीवर कापा. खुंटाला वाटी राहिली तर पावसाचं पाणी साचून कंद कुजतो, म्हणून गाठीच्या अगदी वरून कापायचं. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची एकही काठी काढायची नाही, आणि जुन्यांपैकीही काही आधाराला ठेवायच्या. त्या पानांवरच बेट पुढच्या वर्षीचे कोंब पोसतं.

बांबू दरवर्षी परत येतो असं म्हणतात, ते या शिस्तीवरच. सागाचं झाड तोडलं की पुन्हा तेवढं व्हायला पिढी जाते. बांबूच्या बेटातून दरवर्षी तिसरी पिढी काढायची आणि पहिली-दुसरी राखायची, एवढं पाळलं तर बेट त्याच कंदावर वर्षानुवर्षं देत राहतं, नवी लागवड लागत नाही. मानवेल काही दशकांनी फुलोऱ्यावर येतो आणि मग ते बेट मरतं, हा एकच शेवट. एखाद्या बेटाला फुलोरा दिसला तर बी धरल्यावर त्यातल्या सगळ्या काठ्या काढून घ्या, नाहीतर उभ्या उभ्या वाळून ठिसूळ होतील.

तुम्हाला किती लागेल? भिंतींच्या पट्ट्यांना सुमारे ४० काठ्या, तळाला २५, जोड खांबांना ३६, तळाखालच्या आडव्यांना १०, छपराला १५. यात दीड-दोन इंच जाडीची आणि १६ फूट कामाला येणारी काठी धरली आहे, खांबांना मात्र बुंध्याकडचा जाड भाग लागेल. खांबांचे शेंडे पट्ट्यांना वापरता येतात, म्हणून तूटफूट धरूनही सव्वाशे काठ्यांत भागावं. चाळीस बेटांतून प्रत्येकी तीन-चार पक्क्या काठ्या. आठ-नऊ वर्षांच्या बेटातून तेवढ्या निघतात. कोरड्या बांधावरच्या बेटांतून नाही निघाल्या तर कोवळ्या तोडून भरती करू नका, कमी पडलेल्या वखारीतून घ्या. वखारीतून घेताना गाठीजवळ टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिवळट पीठ दिसतंय का ते बघा. काठी आपटून बघा, पीठ उडालं तर सोडून द्या.

आता चाळीच्या रचनेकडे येतो, कारण बांबूला दोष लागतो तो बऱ्याचदा चुकीच्या जागी बसवल्यामुळे.

साडेबारा टन कांदा चाळीच्या तळाला दर चौरस मीटरला जवळपास साडेआठशे किलो भार देतो. हा भार एका बाजूच्या खांबापासून दुसऱ्या बाजूच्या खांबापर्यंत, चार फूट, एका आडव्या बांबूवर सोडला तर तो वाकतो आणि दुसऱ्या वर्षी मोडतो. म्हणून तळाच्या खाली लांबीला समांतर तीन ओळी हव्यात, दोन कडेला आणि एक मधोमध. या तीन ओळी मी बांबूच्या सुचवणार नाही. इथे ३ इंची लोखंडी चॅनेल टाका, दर ५ फुटांवर विटांच्या किंवा काँक्रीटच्या खुंट्यांवर. तीन ओळींना मिळून साधारण अडीचशे किलो लोखंड लागेल. पूर्ण सांगाड्याच्या मानानं हे थोडंच आहे, आणि जमिनीशी संबंध येणारी व टनाचं ओझं उचलणारी जागा यातून कायमची निघते. "बांबू लोखंडापेक्षा मजबूत" असं सर्रास ऐकू येतं. वजनाच्या हिशोबात, उभ्या धाग्याच्या ताणात बांबू उत्तम आहे, पण वाकण्याच्या बाबतीत लोखंडाचा ताठपणा त्याच्या दहापटीहून जास्त आहे. बांबूची जागा बांबूला आणि लोखंडाची लोखंडाला दिली की भांडण मिटतं.

चॅनेलवर आडवे अख्खे बांबू, दर १५ इंचांवर एक. त्यावर लांबीला अर्धगोल फाडलेले बांबू, गुळगुळीत सालीची बाजू वर. साल वर ठेवायची कारण कांद्याचा पापुद्रा खरचटत नाही आणि झाडताना माती अडकत नाही. दोन अर्धगोलांमध्ये पाऊण इंच फट. जमिनीपासून तळ दीड ते दोन फूट उंच हवा, नाहीतर खालून वारा फिरत नाही आणि मधला कांदा घाम येऊन सडतो.

भिंतींना ढिगाचा रेटा बाहेरच्या बाजूला असतो आणि तो तळाशी सगळ्यात जास्त. खांब दर ५ फुटांवर, दोन खांबांच्या मध्ये एक उभा टेकू, म्हणजे पट्ट्यांना अडीच फुटांपेक्षा जास्त मोकळी लांबी राहत नाही. काठी चौफाड करून निघालेल्या दीड इंची पट्ट्या, मध्ये एक इंचाची फट. खालच्या दोन फुटांना मात्र चौफाड पट्टी नको, तिथे अर्धगोलच लावा. बहुतेक बांबूच्या चाळींचं पोट तिथेच सुटलेलं दिसतं. समोरासमोरचे खांब तळाला आणि वर एकमेकांना आडव्या बांबूनं बांधून टाका, नाहीतर दोन्ही भिंती बाहेर कलतात.

खांब जोड बांबूचा करा, दोन काठ्या शेजारी शेजारी. तो जमिनीत गाडायचा नाही. काँक्रीटमध्येही गाडायचा नाही. काँक्रीटमध्ये बांबू सुरक्षित राहतो असं वाटतं, पण बांबू वाळून आकसतो, भोवती फट पडते, तिच्यात पाणी उतरतं आणि काँक्रीटच्या तोंडाशीच काठी कुजते. जमिनीच्या वर दीड फूट येईल असा काँक्रीटचा खुंट करा, त्यात दोन लोखंडी पट्ट्या उभ्या सोडा, त्यांच्या मध्ये जोड खांब बसवून १२ मिमीचे दोन बोल्ट आरपार घाला. बांबूचा तळ आणि काँक्रीट यांत इंचभर अंतर ठेवा. काळ्या रानात हा पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेणं भाग आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वरवरचा खुंट दोन वर्षांत तिरका होतो.

बोल्टचं भोक ड्रिलनंच पाडायचं. खिळा ठोकला की बांबू उभा फाटतो, मग तो कितीही चांगला असो. बोल्ट गाठीच्या जवळ, दोन-तीन इंचांच्या आत यावा, कारण गाठ धाग्यांना आडवं बांधून ठेवते. मोकळ्या पेरात बोल्ट टाकला तर तो हळूहळू काठी चिरत जातो. पट्ट्यांना तर बोल्ट-खिळे काहीच नको, १६ गेजच्या जीआय तारेनं बांधा. एक पट्टी खराब झाली तर तार कापून तेवढीच बदलता येते. सुतळी छान दिसते, पण एका पावसाळ्यात ढिली पडते.

छपराला सिमेंटचा पत्रा किंवा कौल. नुसता लोखंडी पत्रा टाकला तर मे महिन्यात आतला कांदा भाजून निघतो. तोच पत्रा असेल तर वर उसाच्या पाचटाचा थर द्या, पण मग आजूबाजूला कुणी पाचट पेटवत नाही ना याची काळजी तुमच्यावर. बांबू, पाचट आणि वाळलेला पापुद्रा एकत्र असताना ठिणगी पुरेशी असते. छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी आलं पाहिजे. बोरिकची प्रक्रिया पाण्यानं धुऊन जाते, म्हणून पावसाचा फटकारा भिंतीला लागता कामा नये. एप्रिल-मेचा वळीव आपल्याकडे पत्रे उचलतो, तेव्हा छपराच्या वाशापासून खांबापर्यंत आणि खांबापासून काँक्रीटपर्यंत लोखंडी पट्टीची सलग साखळी ठेवा. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर ठेवतात.

मुरवण्याबद्दल. तुमचा बांबू भरीव असेल तर अख्खी काठी टाकीत बुडवून आत औषध शिरणं अवघड. पोकळ बांबूचे आतले पडदे लांब सळईनं फोडले की पाणी आतून बाहेर मुरतं. भरीव काठीला ती सोय नाही आणि बाहेरची साल तर पाणी घेतच नाही. पण तुमच्या कामात निम्म्याहून जास्त माल फाडलेला आहे, त्यामुळे उपाय सोपा आहे: आधी फाडा, मग मुरवा. ओला असतानाच फाडायचा, तोडीपासून दोन-तीन दिवसांत. वाळल्यावर फाडला तर पट्टी सरळ जात नाही. हे काम बुरुडाकडून करून घ्या. चौफाड करताना पट्टी एका अंगाला पळायला लागली की जाड बाजू कोयत्यानं खाली दाबून ती पुन्हा मध्यावर आणणं, हा हातखंडा त्यांचाच.

टाकीसाठी १८ फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट खोल चर खणा आणि शेततळ्याचा कागद अंथरा. पट्ट्या भरून साधारण दीड हजार लिटर पाणी लागेल. प्रमाण: १०० लिटरला ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक पावडर. म्हणजे दीड हजार लिटरला ४५ आणि ३० किलो. दोन्ही एकत्रच घाला, एकटी बोरिक पावडर गार पाण्यात नीट विरघळत नाही. एका पिंपात पाणी कढत करून त्यात मिसळायचं आणि मग चरात ओतायचं. बांबू तरंगतो, वर दगड ठेवून तो पूर्ण बुडाला पाहिजे. पट्ट्या आणि अर्धगोल ७ दिवस. पाणी कमी झालं तर साधं पाणी टाकू नका, त्याच प्रमाणाचं टाका.

खांबांच्या आणि आडव्यांच्या काठ्या अख्ख्या लागतात. त्या पोकळ असतील तर पडदे फोडून १० ते १४ दिवस त्याच पाण्यात. भरीव असतील तर दुसरी युक्ती: काठी तोडल्याबरोबर, शेंड्याच्या फांद्या-पानं तशीच ठेवून, बुंधा पिंपात उभा करा. पिंपात दुप्पट कडक पाणी, म्हणजे १०० लिटरला ६ किलो टाकणखार आणि ४ किलो बोरिक. पानं वाळेपर्यंत पाणी ओढत राहतात आणि त्या ओढीनं औषध काठीत चढतं. आठ-दहा दिवस सावलीत उभ्या ठेवायच्या. तोडीनंतर दुसऱ्या दिवशी पिंपात घातल्या तर ओढ कमी होते, म्हणून पिंप बेटापाशीच न्या.

औषध आत गेलं का, हे घरच्या हळदीनं कळतं. काठीचा मधला तुकडा आडवा कापा. चमचाभर हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळा, तो पिवळा रस कापावर लावा, वाळू द्या, मग त्यावर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड लावा. हातमोजे घालून. जिथे बोरॉन पोचलं आहे तिथला भाग लालसर होतो, बाकी पिवळाच राहतो. ॲसिड लावायचं टाळू नका. हळद खारानंही लाल होते आणि टाकणखार खारच आहे, तेव्हा नुसत्या हळदीवर भरवसा नको. कडा लाल आणि मध्य पिवळा दिसला तर आणखी चार दिवस ठेवा.

एक गोष्ट माढ्या-मोहोळच्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांना ठासून सांगावीशी वाटते. बोरॉन तुम्ही फवारता ते ग्रॅममध्ये. या चरातल्या एका लिटरमध्ये सात ग्रॅमच्या आसपास बोरॉन असतं. पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की द्राक्षाची पानं कडेनं करपायला लागतात. म्हणजे हे पाणी बागेत सोडलं तर बाग जाळलीच म्हणायची. शेततळ्यातही नको, विहिरीजवळ नको. उरलेलं पाणी दुसऱ्या खेपेला वापरा आणि शेवटचं त्याच कागदावर उघडं ठेवा. आपलं एप्रिलचं ऊन ते आटवून टाकतं. तळाला राहिलेले खडे पोत्यात भरून पुढच्या वर्षीसाठी ठेवा. जनावरं तिथे तोंड घालणार नाहीत असं कुंपण मात्र हवं.

जळकं ऑईल फासू का, असं बरेच जण विचारतात. कुंपणाच्या खांबाला फासा. चाळीत नको, वास कांद्याला लागतो. तांबं-क्रोमवाली लाकडाची औषधंही कांदा टेकणाऱ्या पट्ट्यांना नकोत. बोरिकच्या पट्ट्याही वाळल्यावर वर आलेली पांढरी भुकटी ओल्या फडक्यानं पुसूनच लावा.

वाळवणं सावलीत, हवेशीर, काठ्या उभ्या करून. जानेवारीच्या हवेत पट्ट्यांना दोन-तीन आठवडे, अख्ख्या काठ्यांना सहा. उन्हात टाकल्या तर बाहेरचा थर आतल्याच्या आधी आकसतो आणि काठी उभी तडकते. टोकांना जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या तर टोकाची चीर तिथेच थांबते. ओल्या काठ्यांनी बांधलेली चाळ पहिल्या उन्हाळ्यात कड-कड वाजत सैल पडते. दोष तारेचा नसतो, काठीच बारीक झालेली असते. तरीही बांधल्यावर एक उन्हाळा गेला की सगळे बोल्ट आणि तारा पुन्हा एकदा पिळून घ्या.

थोडक्यात वेळापत्रक: नोव्हेंबरच्या मध्यापासून तोड, लगेच फाडणी आणि मुरवण, डिसेंबरअखेर चर रिकामा, जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वाळवण, या काळातच पाया आणि चॅनेल, फेब्रुवारीअखेरपासून बांधणी. उन्हाळी कांदा काढून, पात कापून, सावलीत सुकवून होईपर्यंत चाळ तयार. आणि चाळ उन्हाळी कांद्यासाठीच. खरिपाचा लाल कांदा बांबूच्या काय, सोन्याच्या चाळीतही टिकत नाही.

परवानगीचं: १९२७ च्या भारतीय वन कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून निघाला. खासगी रानातला बांबू तोडायला किंवा न्यायला वाहतूक पास लागत नाही. बाहेर विकायला नेत असाल तर बांबूची नोंद असलेला सातबारा गाडीत ठेवा, वाटेत वाद होत नाही.

उरलेल्या मालाचं सांगायचं तर तो उरणार हे नक्की, शेंडे आणि वाकड्या काठ्या. डाळिंबाच्या वाकलेल्या फांद्यांना दुबेळक्याचे टेकू म्हणून त्या सगळ्यात चटकन खपतात. टोमॅटोला पाच-सहा फुटी काठ्या लागतात. या दोन्हींचं टोक मातीत जातं, त्यामुळे एक-दोन हंगाम मिळतील हे धरूनच चाला, त्यांना औषध वाया घालवू नका. बहार संपला की काठ्या उपटून, माती झटकून, छपराखाली आडव्या ठेवल्या तर आणखी एक हंगाम निघतो. शिडीला मात्र शेंडे वापरू नका. भरीव, पक्क्या दोन काठ्या मुद्दाम बाजूला काढून ठेवा. पोकळ काठीला पायऱ्यांची भोकं पाडली की तिथेच चिरते. जास्तीच्या चौफाड पट्ट्या बुरुडाला द्या, बदल्यात पाट्या-टोपल्या घ्या, कांदा चाळीत भरायला त्याच लागतील. पानं शेळ्या खातात.

नव्या लागवडीचा मोह होत असेल तर एवढंच: सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. जाहिरातीतले उत्पन्नाचे आकडे भरपूर पाण्यावरचे असतात. मानवेल कोरड्यात तग धरतो, बालकोवासारख्या जाड जाती पाण्याशिवाय मान टाकतात.

आत्ता, तोडीला दोन महिने आहेत तोवर, एक काम आजच करता येईल. डबाभर पिवळा रंग घ्या आणि यंदा आलेल्या प्रत्येक काठीवर छातीच्या उंचीला एक पट्टा ओढा, खोळ गळायच्या आत. पुढच्या वर्षीच्या काठ्यांना लाल, त्याच्या पुढच्यांना पांढरा. चौथ्या हिवाळ्यात बेटात शिराल तेव्हा साल बघायची आणि कोयता वाजवून बघायची गरज पडणार नाही. पिवळ्या पट्ट्याच्या काढायच्या.